क्लूनाराच्या मठातली एक जागा

लोहारघर, क्लूनारा
रविवार, १७ ऑगस्ट १९५८

बार्टली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडता शेगडीत टाकू नकोस. तुझा पत्ता मिळवायला मला तुझ्या जुन्या दोस्ताच्या, मार्टिनच्या अंगणात पाऊण तास उभं राहावं लागलं. तो म्हणे, "बार्टलीने बजावलंय, डीलीला पत्ता द्यायचा नाही." मी म्हटलं, "मग मी इथेच उभी राहते, तुझा चहा निवू दे." शेवटी त्याच्या बायकोनेच लिहून दिला. पोर्टलंड, मेन, अमेरिका. आगबोटीच्या धक्क्याजवळ राहतोस म्हणे. म्हणजे मासळीचा वास इथेही होता आणि तिथेही आहे.

समेट वगैरे करायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. काम आहे.

आज कबर-रविवार होता. सगळा गाव मठात जमला, फादर मॉलोयने कबरींवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि मग घसा साफ करून सांगितलं की सरकारने मठ आपल्या ताब्यात घेतला आहे. भिंतींची डागडुजी होणार, मनोऱ्यावरची आयव्हीची वेल काढणार, आणि यापुढे आत कुणालाही पुरायचं नाही. ज्या घराण्यांचा जुना हक्क आहे तेवढ्यांनाच, तेही जिथे खरोखर जागा उरली असेल तिथेच. बाकी सगळ्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या नव्या कबरस्तानात जायचं. ते तू पाहिलेलं नाहीस. ट्रेसारखं सपाट, एक झाड नाही, समोरून दिवसभर लॉऱ्या जातात.

डब्लिनहून एक साहेब आला आहे, प्रेंडरगास्ट नावाचा. पन्नाशीचा, कायम सर्दी झालेला. त्याने एक लांब लोखंडी सळई घेऊन सगळी जमीन टोचून पाहिली, आई केक शिजला की नाही ते सुईने पाहायची तशी. आपल्या कोपऱ्यात, वेदीच्या उजव्या हाताला, बाबांच्या शेजारी एकच जागा निघाली. एका बाजूला खडक, दुसरीकडे भिंतीचा पाया. एकच, बार्टली.

३१ ऑक्टोबरच्या आत नाव लिहून द्यायचं. एकदा दिलेलं नाव बदलता येणार नाही. साहेब म्हणाला, नाहीतर तुम्ही लोक कयामतीच्या दिवसापर्यंत अदलाबदल करत बसाल. माणूस तसा हुशार आहे.

आपल्या घराण्यात आता तू आणि मी. मोठी मी, म्हणजे हक्काने जागा माझी. पण मला वाटतं ती तू घ्यावीस. त्या कोपऱ्यात ओल फार आहे, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत.

बाबांना पुरलं त्या दिवशी जे झालं ते उकरून काढायची माझी इच्छा नाही. लोक त्या वेळी तोंडाला येईल ते बोलले आणि तू मनाला लावून घेतलंस. झालं ते झालं. हो की नाही तेवढं कळव.

तुझी बहीण,
डीलिया


रविवार, ७ सप्टेंबर

बार्टली,

उत्तर नाही. टपालाला दहा दिवस धरले, तुझ्या हट्टाला दहा धरले, तरी आज यायला हवं होतं. पोस्टमास्तरीण मला लांबून बघूनच मान हलवते आता.

तरी लिहिते, कारण इकडे आपली जागाच जायची वेळ आली होती.

प्रेंडरगास्ट मठाच्या इतिहासाचं एक पुस्तक करतो आहे. त्याच्यासाठी घरोघर चहा पीत फिरतो. मंगळवारी आपल्याकडे आला. सोबत सीलिया किलकेली होती, तिच्या कोंबड्यांची अंडी घेऊन आलेली, ती काय गोष्ट चालू असताना हलणार! मी त्याला बाबा सांगायचे ते सगळं सांगितलं. फिनोलाचं सांगितलं, की नवऱ्याने जेवायला बोलावलेल्या पाहुण्यालाच ठार मारलं म्हणून तिने लाजेने आपल्या सगळ्या गाई विकल्या आणि अठरा अनवाणी साधू आणून इथे मठ बांधला. साहेब म्हणाला, "कागदोपत्री नवऱ्याने बांधला." सीलिया म्हणाली, "कागद नवऱ्याच्याच हातात असणार ना!"

मग इंग्रज राजाने मठ बंद केला, साधू पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन राहिले, शिपाई गेले की परत यायचे. सात वेळा हाकलले, आठ वेळा आले. साहेब म्हणाला, तीन वेळा. बरं, तीन. मग क्रॉमवेलच्या घोडेस्वारांनी छप्पर जाळलं, घंटा वितळवली आणि वेदीपाशी घोडे बांधले. हे मात्र त्याला मान्य होतं.

"आणि यात हेशन लोहार कुठे आले?" त्याने विचारलं.

मी त्याला ब्रदर फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. शेवटचा उरलेला म्हातारा साधू, तेरा वर्षं आपल्याच भट्टीवर भाता ओढत राहिला, अंगावर लोहाराचं चामडं बांधून. शिपाई घोड्याला नाल ठोकायला यायचे आणि ज्याला शोधत फिरत होते त्यालाच म्हणायचे, "जोरात ओढ रे म्हाताऱ्या!" मरताना त्याने सांगितलं की मला वेदीजवळ पुरा आणि माझ्याशेजारी तुमची माणसं. बाबा हे सांगताना "जोरात ओढ रे" असं इतक्या जोरात ओरडायचे की तू टेबलाखाली पळायचास.

साहेबाने कप खाली ठेवला. "याचा कागद?"

"लपून बसलेला माणूस कागद कसा करेल?"

"मग मी हक्क कसा नोंदवू, बाई? दोनशे वर्षं इथे पुरत आलात हे खरं असेल, पण तुमच्या दगडांवर एक अक्षर नाही."

अक्षर नाही, कारण आपल्यात लिहिता कुणाला येत होतं! दगडांवर ऐरण, हातोडा, सांडशी. कुणाचं नाव काय ते घरच्यांना माहीत. दुसऱ्यांना सांगायची गरज कधी पडलीच नव्हती. बार्टली, त्या क्षणी पायाखालची जमीनच गेली माझ्या. तुला देऊ केलेली वस्तू माझी नाहीच असं कुणी सांगावं, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी बादली, ब्रश आणि धुण्याचा सोडा घेऊन मठात गेले आणि सगळ्यात जुनी शिळा घासायला बसले. साहेब धावत आला, "अहो बाई, सोडा नको, दगड खराब होईल!" मग त्यानेच मऊ ब्रश आणला आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून दुपारपर्यंत शेवाळं काढलं. ऐरण निघाली, सांडशी निघाली. आणि सांडशीच्या दोन्ही दांड्यांभोवती गुंडाळलेली एक दोरी निघाली, तीन गाठींची. साधूंच्या कमरेला असते ती.

साहेबाने एकेका गाठीवरून बोट फिरवलं. मग नाक पुसलं आणि म्हणाला, "मिस हेशन, कागदापेक्षा हे बरं."

तर हक्क नोंदला गेला. आता तू नाव दे.

डीलिया


रविवार, २१ सप्टेंबर

बार्टली,

अजून काही नाही. तू पत्रं फोडतोस तरी का? मार्टिनच्या बायकोला विचारलं तर म्हणाली, "जिवंत आहे, एवढं नक्की." फार उपकार झाले.

काल प्रेंडरगास्ट पुन्हा आला होता. पुस्तकासाठी रूढी विचारत होता. "दोन प्रेतयात्रा एकाच दिवशी आल्या तर शर्यत लागते असं ऐकलं. खरं का?"

मी म्हटलं, "खरं. शेवटी आत आला त्याने फाटकावर पहारा द्यायचा. पुढचं मेलेलं माणूस येईपर्यंत."

"म्हणजे मेलेला माणूस पहारा देतो?"

"देतो. पाणीही भरतो, आतल्या सगळ्यांसाठी. तिकडे शुद्धीच्या आगीत तहान फार लागते म्हणे."

त्याने सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही कधी पाहिली अशी शर्यत?"

मी म्हटलं, "एकदा." आणि त्याला चहा वाढला, आणि विषय बदलला. तो गेल्यावर मात्र हात कशाला लावू ते कळेना. तेव्हा तुलाच सांगते. तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मी कधी सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीची नऊ तारीख होती. बाबांना तू, मार्टिन, शेजारचे दोघे डॅली खांद्यावर घेऊन निघालात. सीलियाची टेसी त्याच दिवशी निघाली होती, घटसर्पाने गेलेली, सात वर्षांची. ते लोक पुलाकडून येत होते, आपण टेकडीवरून. आपण चाळीस पावलं पुढे होतो, मी मोजली आहेत. माणसं पळायला लागली, लाज सोडून, नेहमीसारखी. आणि फाटकापाशी येऊन तू थांबलास. बाबांना रस्त्यावर खाली ठेवलंस, टोपी काढलीस, आणि उभा राहिलास. ती लहान पांढरी पेटी आपल्यासमोरून आत गेली. मग बाबा.

आणि त्यानंतर या गावात कुणी मरेना! म्हाताऱ्या खोकल्या, पडल्या, फादरने शेवटचं तेल लावलं, पुन्हा उठून बटाटे सोलायला बसल्या. अकरा महिने. अकरा महिने बाबा फाटकावर उभे. मी रोज संध्याकाळी दूध काढून झालं की एक बादली पाणी भरून फाटकाच्या आत ठेवायची, त्यांना विहिरीपर्यंत खेप पडू नये म्हणून. सकाळी बादली रिकामी असायची. डॅलींच्या गाई पीत असणार, मला कळतं. तरी रिकामी दिसली की बरं वाटायचं.

हे तुला ठाऊक नाही, कारण तू त्याच आठवड्यात गेलास.

मागे लिहिलं की लोक तोंडाला येईल ते बोलले. लोक काही फार बोलले नाहीत, बार्टली. डॅली तर म्हणाला होता, पोराने बरं केलं. बोलले ती मी. भर जेवणाच्या टेबलावर, शेजारीपाजारी बसलेले असताना, तू भाकरीला लोणी लावत होतास. मी म्हटलं, "ज्याने बापाला दाराबाहेर ठेवलं, त्याला बापाशेजारी जागा नाही. मेलास तरी इथे येऊ नकोस." तू सुरी खाली ठेवलीस. लोणी लावलेली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती कोंबड्यांना टाकली तेव्हा मी रडले, पण तोवर तुझी ट्रंक बांधून झाली होती.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी मी. पंचवीस वर्षांत तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. आता ही जागा निघाली. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नाही, आणि माझे शब्द परत घ्यायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. गुडघ्यांचं मी उगाच लिहिलं होतं. गुडघे ठणठणीत आहेत.

ती जागा तुझी आहे. घे रे.

डीली


रविवार, १२ ऑक्टोबर

माझ्या बार्टली,

आलं! तुझं पत्र आलं!

पोस्टमास्तरणीने खिडकीतूनच हाक मारली, "डीली, अमेरिका!" पोस्टात पेन्शन घ्यायला आलेले दोघे होते, मेंढ्यांचा डॉक्टर होता, सगळ्यांसमोर मी ते फोडलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मेंढ्यांच्या डॉक्टरने स्वतःचा रुमाल दिला. त्याला मेंढीचा वास होता, तरी घेतला.

तुझ्या सात ओळी मला तोंडपाठ आहेत. "डीली, तिन्ही पत्रं मिळाली. लग्न केलं नाही. छाती जुनी झाली असं डॉक्टर म्हणतो, कामावरून सोडलं. इथल्या कबरस्तानात सगळे परके. जागा देतेस तर घेतो. बाबांच्या बाजूला माझं नाव घाल. मार्चमध्ये येईन, जमलं तर चालत, नाहीतर पेटीतून. बार्टली."

पेटीतून म्हणे! तुझ्या जिभेला अजून हाड नाही. चालत यायचं. बोटीतून उतरून गॉलवेपर्यंत रेल्वे, पुढे मार्टिनची गाडी, आणि शेवटी आपल्या दारापर्यंत चालत. तुझी खोली मी कालच उघडली. खिडकी फुगून बसली होती, तिला हातोडा मारला. गादी उन्हात टाकली, म्हणजे जे काय ऊन पडलं त्यात. छातीचं काय म्हणतो डॉक्टर, नीट लिही. नुसतं "जुनी झाली" म्हणजे काय? माझीही जुनीच आहे.

त्या आनंदात मनुका घालून दोन भाकऱ्या भाजल्या. एक प्रेंडरगास्टला नेऊन दिली. तो म्हणाला, "कसला सण?" मी म्हटलं, "माझा भाऊ येतोय मरायला." बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्याच्याकडून कळलं की साधू इथे बिअर करायचे. मठाच्या मागे जो गोल खड्डा आहे, ज्यात आपण बेडूक धरायचो, तिथे. पाचशे वर्षांपूर्वी. मला तर ऐकून फार बरं वाटलं, आपल्या शेजारी पुरलेली माणसं काही अगदीच कोरडी नव्हती.

एक मात्र वाईट झालं. सीलियाच्या बाजूची, उत्तरेची भिंत झुकली आहे असं साहेब म्हणतो. तिथे खणू देणार नाहीत बहुतेक. सीलियाला अजून नक्की माहीत नाही. तिचा नवरा इंग्लंडमध्ये कामाला गेला तो तिकडेच वारला, आणि टेसीनंतर मूल नाही. पण होईल काहीतरी, साहेब माणूस मऊ आहे.

३१ तारखेला मठात जाऊन तुझं नाव लिहिणार. "बार्थोलोम्यू" लिहायचा सराव करते आहे, आईबापांनी एवढं लांब नाव ठेवायला नको होतं. शब्द देते तुला. लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. पाय तेवढाच आहे ना?

तुझी आणि तुझीच,
डीली


रविवार, २ नोव्हेंबर, सर्व मृतात्म्यांचा दिवस

बार्टली,

हे पत्र लिहायला परवापासून तीन वेळा बसले. फाडणार नाही असं ठरवून आता चौथ्यांदा बसले आहे. तू खुर्चीत नीट बस, आणि तुझं औषध असेल तर जवळ ठेव.

शुक्रवारी मठात गेले. मनोऱ्याच्या कमानीखाली शाळेतलं टेबल आणून साहेब बसला होता, नाक लाल, छत्री काखेत. सात घराण्यांची माणसं आली होती. माझ्यापुढे सीलिया होती. तपकिरी कोट, रविवारी चर्चला घालायची टोपी. सगळी तयारी करून आली होती, हातात टेसीच्या बाप्तिस्म्याचा दाखला.

साहेबाने तिला सांगितलं, भिंतीपासून बारा फुटांत कुदळ लावायची नाही. भिंत अंगावर येईल.

सीलिया म्हणाली, "मग मला उभी पुरा. उभ्याला जागा कमी लागते."

मागचे सगळे हसले. साहेब नाही हसला. "बाई, मला फार वाईट वाटतं. पण नियम आहे."

"बरं. मग टेसीला माझ्याबरोबर नव्या ठिकाणी न्याल का? छोटीशीच आहे."

"आतल्या कुणालाच हलवायची परवानगी नाही."

"बरं," ती म्हणाली. दाखल्याची घडी केली, पिशवीत ठेवली, आणि उत्तरेच्या भिंतीपाशी जाऊन टेसीच्या कबरीवरचं गवत उपटायला लागली. कुणी तिला फक्त किती वाजले ते सांगितलं असावं, तशी. गेली पंचवीस वर्षं दर शुक्रवारी उपटते तसंच.

माझी पाळी आली. साहेबाने लेखणी पुढे केली. "हेशन. वेदीची बाजू. एक. नाव?"

आता मी तुला ते सांगते जे कधी कुणाला सांगितलेलं नाही. फादरलाही नाही, आणि त्याला मी दर महिन्याला काही ना काही सांगते.

त्या दिवशी फाटकापाशी तू सीलियाला पाहिलंस आणि थांबलास. मी तिला तुझ्या आधी पाहिलं होतं. टेकडीवर मी पुढे होते, मला खालचा सगळा रस्ता दिसत होता. तिच्या बुटांच्या नाड्या सुटल्या होत्या आणि ती त्या चिखलातून ओढत पळत होती, कारण तिच्या पोरीला फाटकावर उभं राहावं लागू नये. सात वर्षांच्या पोरीला, अंधारात, एकटीला. मला ते सगळं कळलं होतं, बार्टली. आणि कळून मी मागे वळले आणि तुम्हाला ओरडून म्हटलं, "धावा!"

तुझ्यावर मी चिडले ते तू चुकलास म्हणून नाही. तू मला त्या सगळ्या लोकांसमोर, मला न बघता, दाखवून दिलंस की मी कशी आहे. ते मला पंचवीस वर्षं गिळता आलं नाही.

साहेबाने पुन्हा विचारलं, "नाव, मिस हेशन?"

तुझं नाव ओठांवर होतं. देवाशपथ होतं. "बार्थोलोम्यू"तलं एक अक्षर चुकू नये म्हणून कागदाचा कपटाही खिशात होता. मी त्या भिंतीकडे पाहिलं, आणि म्हटलं, "सीलिया किलकेली."

साहेब म्हणाला, "त्या हेशन नाहीत. कुटुंबातलं माणूस हवं. नातं काय लिहू?"

"बहीण लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, सीलियाकडे पाहिलं, नाक पुसलं, आणि "बहीण" लिहिलं. मग वरून मोठा शिक्का मारला. आता ते बदलत नाही.

मी जाऊन सीलियाला सांगितलं. ती ताडकन उठली. "वेडी झालीस का डीली? मी तुम्हा लोहारांमध्ये? त्या ठोकाठोकीत मला झोप लागेल?"

मी म्हटलं, "न लागू दे. तिथून टेसी पाच पावलांवर आहे."

तिने तोंडात कोटाचं टोक धरलं आणि मटकन त्या ओल्या गवतात बसली. मीही बसले. किती वेळ बसलो माहीत नाही, साहेब आपली छत्री आमच्याजवळ ठेवून स्वतः भिजत निघून गेला. मग ती म्हणाली, "ती जागा बार्टलीची होती ना?" गावात कुठली गोष्ट लपते का! मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "तो काय म्हणेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

खरंच माहीत नाही. दोन रात्री मी स्वतःला सांगते आहे की तूही हेच केलं असतंस. पण तू केलं असतंस तर ते तुझं देणं झालं असतं. मी तुझं उचलून दिलं, तुला न विचारता. तार करून विचारता आलं असतं, एक दिवस साहेबाला थांबवता आलं असतं. ते मला सुचलंच नाही, आणि सुचलं नाही याचं कारण बहुधा हेच की तू "नको" म्हणशील याची मला भीती होती.

एकदा रागाने म्हटलं की तुला बाबांशेजारी जागा नाही. आता प्रेमाने शब्द दिला की आहे. आणि तोही मोडला. दोन्ही वेळा मीच. तुझी छाती अधू आहे, आणि आयुष्यात एकच गोष्ट तू माझ्याकडे मागितलीस.

नव्या कबरस्तानात मी दोन जागा सांगून ठेवल्या आहेत, शेजारी शेजारी, रस्त्याकडच्या भिंतीला लागून. फारच उघडं आहे, वारा कानात शिरतो, लॉऱ्यांचं तर सांगितलंच. मनोरा मात्र तिथून दिसतो, मी उभी राहून पाहिलं. आडवं पडून दिसेल की नाही ते देव जाणे. तुला नको असेल तर दुसरी जागा रिकामी राहील. मी तिथे दुसऱ्या कुणाला येऊ देणार नाही.

मोजे झाले. तुझी खोली कोरडी आहे. रोज चूल पेटवते तिथे, जळणाची टर्फ संपली तर संपली.

तू रागावशील. रागाव. तुला हक्क आहे, आणि या वेळी मी एक शब्द उलट बोलणार नाही, बोलले तर सीलिया साक्षीला आहे. पण पंचवीस वर्षं तू समुद्रापलीकडून रागावलास, आणि मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. मार्चची वाट बघू नकोस. ये, या टेबलाशी माझ्यासमोर बस, आणि मग काय रागवायचं ते रागाव.

डीली